वरची पट्टी

सुरू

माझ्या दुकानात एकशे बारा घड्याळं आहेत आणि त्यांच्यामध्ये एक गिटार टांगलेली आहे. गिऱ्हाईक विचारतं, "ही पण दुरुस्तीला आली का?" मी म्हणतो, "नाही, ही मला दुरुस्त करते."

हे वाक्य मी तीस वर्षं वापरतोय. बायकोचं म्हणणं, "काम अजून बरंच बाकी दिसतंय."

बायको इस्पितळात एक्स-रे काढते. तेहतीस वर्षं ती लोकांना सांगत आली आहे: श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा. घरातही आवाज तोच. मी गिटार घेऊन बसलो की ती दारातून म्हणते, "हलू नका," आणि माझ्या पायाखालून केर काढून नेते.

शनिवारी ती निवृत्त होणार होती. चार वाजता, विभागाच्या स्टाफरूममध्ये, चहा आणि केक. मी विचारलं, "तुला काय हवं?"

"वस्तू नको. घरात हलायला जागा नाही. तुम्ही आणि भाऊजी मिळून ते वाजवा."

"ते" म्हणजे कुठली धून हे मला माहीत होतं. अडचण "मिळून" या शब्दात होती.

"एकदाच," ती म्हणाली. "मग भांडा पुन्हा."

मागे

दादा आणि मी बावीस वर्षांत एकत्र वाजवलेलं नाही. बोलणं बंद नाही हां. एकमेकांकडे जातो, चहा पितो, गुडघ्यांविषयी बोलतो. गिटारचा विषय निघाला की दोघांपैकी एकाला काहीतरी काम आठवतं.

दादा मोटार चालवायला शिकवतो. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो आणि त्याचा स्वभाव त्या ब्रेकवरच घडलाय. जेवताना कुणी घाईघाईनं बोललं तरी टेबलाखाली त्याचा उजवा पाय दाबला जातो.

तर बावीस वर्षांपूर्वी, त्याच्या घरी, तीच धून. दोन ओळी झाल्या आणि दादा थांबला.

"बारक्या, तू वरच्या पट्टीत आहेस."

आता तुम्हीच सांगा, मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

"मी कुठे ओरडतोय?"

"ओरडतोयस असं कोण म्हणालं? वरच्या पट्टीत आहेस म्हटलं."

"तेच ना! मी काय ओरडतोय का?"

हे मात्र मी ओरडून म्हणालो.

"बघ," दादा माझ्या बायकोला म्हणाला. "आता दोन्ही अर्थांनी आहे."

त्याला गिटारचा सूर म्हणायचा होता, हे मला जिना उतरताना कळलं. पण तोवर जिना उतरून झाला होता, आणि रागानं उतरलेला जिना परत चढायचं आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नाही. शिवाय चूक त्याचीच होती. मी माझी गिटार खुद्द विजेबरोबर लावली होती.

थांबा

वीज कोण, ते सांगायला हवं. आवडत्या वादकांना मी नावं दिली आहेत. (बायको म्हणते, ठेवली आहेत.)

एक माळी. तो प्रत्येक सूर मुळासकट उपटतो, माती झटकतो आणि मग तुमच्या हातात देतो. एक बाई आहेत, त्यांना मी टाचणी म्हणतो. ऐकताना काही जाणवत नाही, रस्त्यानं चालताना मध्येच टोचतं. एक जांभई. दोन सुरांमध्ये तो इतकी जागा सोडतो की तेवढ्यात घड्याळाचा सेल बदलून होतो. दादाचा लाडका.

आणि सगळ्यांच्या वर वीज. ती धून विजेची. माझ्याकडे त्याची एकच कॅसेट आहे आणि तिच्यावरून मी सगळं शिकलो. बोटं मोडली, नखं गेली, पण तो वेग गाठला. एवढ्या वेगानं माणूस वाजवूच शकत नाही, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय.

हे वाक्य लक्षात ठेवा.

सुरू

गुरुवारी दादा दुकानात आला. पाठीला गिटार, चेहऱ्यावर लाल सिग्नल.

"तुझ्या बायकोनं बोलावलं म्हणून आलोय."

"मग तिकडे जा. ती एक्स-रेला आहे."

"चहा सांग."

चहा आला, पिऊन झाला, निमित्तं संपली. आम्ही वाजवायला सुरुवात केली. एका भिंतीत दोन्ही बाजूंनी दोन शेजारी खिळे ठोकत असावेत, तसं काहीतरी झालं. समोरच्या दुकानातला शिंपी बाहेर येऊन बघून गेला.

दादानं काचेखालच्या घड्याळांकडे बघितलं. मग म्हणाला, "शब्द जपून वापरतो हं. तुझी गिटार माझ्या गिटारपेक्षा... उंच आहे."

"वीज खोटं वाजवेल का?" म्हणत मी जुना टेपरेकॉर्डर काढला आणि कॅसेट लावली. पहिला सूर आला. माझ्याशी तंतोतंत. मी दादाकडे असं बघितलं की बस.

दादा कॅसेटची डबी चष्म्याजवळ धरून वाचत होता.

"ही धून किती वेळाची आहे?"

"मला काय माहीत."

"इथं लिहिलंय, साडेतीन मिनिटं."

"मग साडेतीन."

"मोजलीस कधी?"

मी टेपरेकॉर्डरवरची धूळ पुसली.

"तीस वर्षांत? एकशे बारा घड्याळांत?"

मी कॅसेट पहिल्यापासून लावली आणि स्टॉपवॉच काढलं. धून संपली तेव्हा काटा तीन मिनिटं अठरा सेकंदांवर होता. म्हटलं, हे घड्याळ पळत असेल. दुसरं घेतलं. तीन अठरा.

"तिसरं देऊ का?" दादा म्हणाला. फार हळू म्हणाला. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

मागे, आणखी मागे

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला आणि सगळी गाणी रेंगाळू लागली. मोटरच्या मागे एका बारीक भोकात स्क्रू असतो, तो फिरवला की वेग वाढतो. आणि बारीक स्क्रू म्हटलं की घड्याळजीचा हात राहत नाही. मी फिरवला. झकास झालं. महिन्याभरानं नवा पट्टा मिळाला, तोही बसवला.

स्क्रू परत फिरवायचा राहिला.

वेग वाढला की सूर चढतो. बारा सेकंद म्हणजे अर्धी पट्टी. गावभरच्या लोकांची पुढे पळणारी घड्याळं मी जागेवर आणली आणि माझंच एक यंत्र तीस वर्षं पुढे पळत राहिलं. विजेला वीज मीच केलं होतं.

पुढे

शुक्रवार. माझ्या सगळ्या तारा अर्धी पट्टी खाली. दादाकडे मोठी रेकॉर्ड आहे, ती लावली. वीज शांतपणे वाजवत होता, जेवण झालेल्या माणसासारखा.

पुन्हा.

"बारक्या, गिअर बदल."

पुन्हा. माझी बोटं प्रत्येक सुराच्या आधी पोचून बाहेर ताटकळत होती.

पुन्हा. जमलं. सूर अगदी जुळले, आणि मला माझ्याच घरात पाहुणा असल्यासारखं वाटलं.

"घरी यातलं काही सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी कशाला सांगू," दादा म्हणाला.

दुसरी बाजू

स्टाफरूममध्ये पंधरावीस जण होते. डॉक्टर, परिचारिका, फाइली सांभाळणारे गृहस्थ. बायको मधल्या खुर्चीत, हातात केकची बशी. आम्ही दोघं खिडकीपाशी बसलो. दादानं मान हलवली, सुरू केलं. सूर जुळलेले, लय शांत, डबीवर लिहिलंय तशी. डॉक्टर पायानं ठेका धरत होते.

बायको नव्हती धरत. चौथ्या ओळीला तिनं बशी खाली ठेवली.

"थांबा."

थांबलो. तिच्या त्या आवाजापुढे अख्खं इस्पितळ थांबतं.

"हे काय आहे?"

"तीच धून," मी म्हणालो.

"हिला भूल दिलीये का?"

सगळे हसले. मी दादाकडे बघितलं. कशाला सांगू म्हणणाऱ्या दादानं सगळं सांगितलं: पट्टा, स्क्रू, बारा सेकंद, दोन स्टॉपवॉच. तिसऱ्याचाही उल्लेख केला. बायको माझ्याकडे उजेडासमोर फिल्म धरून बघावं तशी बघत राहिली. माझ्या मनात एवढंच की, या बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि तीही आपण चुकीच्या मापाची आणली.

"अहो," ती म्हणाली, "पूर्वी आम्ही फिल्म हातानं धुवायचो. अंधाऱ्या खोलीत. घड्याळ दिसायचं नाही. मी फिल्म रसायनात सोडायची आणि तुमची ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणायची. धून संपली की फिल्म बाहेर. किती वर्षं!" मग डॉक्टरांकडे वळून, "एकतरी फिल्म काळी पडली?"

"एकही नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग? मला ती हवी. ही भाऊजींनी तब्येत सुधारलेली नको."

तिनं डोळे मिटले आणि पहिल्या दोन ओळी गुणगुणल्या. वेग माझा. पट्टी माझी. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

मी खुंट्या पिळायला घेतल्या. दादानं माझ्या खुंट्यांकडे बघितलं. मग फाइलींच्या गृहस्थांना म्हणाला, "एक पेन्सिल मिळेल का? आणि एक रबरबँड." पेन्सिल त्यानं गिटारच्या मानेवर पहिल्या घरात आडवी ठेवली, रबरबँडनं आवळून बांधली. त्याची गिटार अर्धी पट्टी वर आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे चढून आला होता.

"चल," तो म्हणाला. "पण सांभाळून."

सांभाळून कसलं. तीन मिनिटं अठरा सेकंद दादाचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होता, आणि गाडी काही थांबत नव्हती. दोनदा त्याचा सूर चुकला. दोनदा माझा. बायको डोळे मिटून होती आणि तिच्या बोटांत, बशीच्या कडेवर, दिसत नसलेली एक फिल्म धरलेली होती. शेवटचा सूर वाजला.

कुणी टाळ्या वाजवण्याआधी ती म्हणाली, "सोडा."

तेव्हा कळलं, आम्ही दोघांनीही श्वास रोखून धरला होता.

"वरच्या पट्टीत होतो ना?" मी दादाला विचारलं.

"होतास," तो घाम पुसत म्हणाला. "आता ओरडू नकोस."

सोमवारी मी टेपरेकॉर्डर घरी आणून उघडला. तो स्क्रू दिसला. बारीक पेचकस हातातच होता. तो खाली ठेवला आणि स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या नखरंगाचा एक लाल थेंब सोडला. तो वाळला की स्क्रू जागचा हलत नाही.

संध्याकाळी दादा आला. त्याच्या गिटारवर पेन्सिल अजून होती.

"काढायची राहिली," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

"हलू नका," दारातून आवाज आला. आम्ही दोघांनीही पाय वर घेतले.