मागचा मधला स्पीकर

दादाचा मेसेज आला तेव्हा मी बारावीचं प्रॅक्टिकल घेत होते. दोन स्पीकरचे फोटो आणि खाली लिहिलेलं, "संध्या, रिअर सेंटरसाठी यातला कुठला? तू फिजिक्सवाली. तूच ठरव."

रिअर सेंटर म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमागे, बरोबर मधोमध लावायचा स्पीकर. दादाने ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नवीन होम थिएटर घेतलं, त्यामुळे जुनं गावाला आलं. जुना फ्रिज असाच आला होता, सोफाही असाच. तो सोफा ठाण्याहून हलवताना दादाकडून मागचा मधला स्पीकर पडला आणि फाटला. म्हणून तेवढा एक नवीन घ्यायचा होता. बाकीची खोकी पडवीत येऊन पडली होती. होम थिएटर आपल्या घरात हवं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. कुठे लावायचं, हेही नाही. मी निवडायची गोष्ट एकच होती, आणि तीही फाटली म्हणून.

संध्याकाळी देवरूखहून घरी आल्यावर मी त्याने पाठवलेला नकाशा उघडला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, गाडीत बसण्याआधी, त्याने टेप लावून आमची पुढची खोली मोजली होती. त्या दिवशी खोली रिकामी होती. गणपतीत भजनाला माणसं येतात म्हणून आम्ही सगळं सामान काढतो. आईची खाटसुद्धा त्या पाच दिवसांसाठी आतल्या खोलीत जाते. दादा वर्षातून एकदाच येतो, गणपतीत. आईचा खुबा मोडल्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीखाली आहे, हे मी त्याला फोनवर सांगितलेलं आहे. पण ती खाट तिथे त्याने कधी पाहिलेली नाही.

नकाशात स्पीकरची खूण खिडकीच्या अगदी शेजारी होती. तिच्या खाली आईचं डोकं येतं.

मी फोन लावला.

"दादा, तिथे आईची खाट आहे."

"भिंतीवर लावायचा गं. खाटेच्या वर."

"आणि सोफा?"

"खोलीच्या मध्ये. नकाशात आहे बघ."

"मग सोफा आणि खाट यांच्यामध्ये वाट उरत नाही. वॉकर घेऊन ती उठणार कशी?"

"मग खाट आत घे ना. गणपतीत आतच होती की."

"पाच दिवस."

"बरी होती. काही बोललीसुद्धा नाही."

बोलली नव्हती, कारण तो घरात होता. आत तिने अर्ध्याहून जास्त जेवण ताटात ठेवलं होतं. आतल्या खोलीला खिडकी नाही, कौलांत एक काच आहे तेवढीच. खिडकीखालच्या खाटेवरून तिला पायवाट दिसते. वाडीतलं कोणीही त्या वाटेवरून गेलं की आई हाक मारते आणि माणूस थांबतं. दिवसभरात तिचं माणसांशी जे बोलणं होतं ते या खिडकीतून होतं. मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते.

खाटेबद्दल सांगून उपयोग होत नाही म्हटल्यावर मी त्याच्या विषयात शिरले. आवाज ठीक मागून आला तर तो दोन्ही कानांपर्यंत एकाच वेळी, एकाच जोराने पोचतो. ठीक समोरून आला तरी तसंच. त्यामुळे मेंदूची फसगत होते आणि मागचा आवाज कधीकधी समोरून आल्यासारखा वाटतो. शिवाय मागच्या स्पीकरला माणसापासून अंतर लागतं. आपली खोली तेवढी मोठी नाही. म्हणून हा स्पीकर लावून फायदा नाही.

मला वाटलं, आता समजेल.

"अरे वा!" दादा खूश झाला. "म्हणजे एकाऐवजी दोन लावायचे, थोडे बाजूला. लोक तसंच करतात म्हणे. बरं झालं विचारलं. मग दोन घेऊ?"

"दादा, माझं म्हणणं खाटेबद्दल आहे."

"अगं हो, खाटेचं बघू. आधी मॉडेल सांग, दिवाळीची ऑफर संपेल."

दुसऱ्या दिवशी आणखी फोटो आले. वाट अरुंद होते म्हणून चपटे स्पीकर. ते नको म्हटल्यावर छतात बसवायचे गोल स्पीकर.

"आपल्याकडे कौलं आहेत," मी लिहिलं.

"हो की! विसरलोच," त्याने लिहिलं. पुढे हसणारे चेहरे. तो त्या कौलांखाली अठरा वर्षांचा होईपर्यंत झोपला आहे. मी काहीही सांगितलं तरी त्यातून नवीन स्पीकरच निघत होता. पुढे मी त्याला उत्तर देणं बंद केलं. त्याने ते होकार म्हणून घेतलं असावं.

रविवारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा शेजारची मथुराकाकी खिडकीशी थांबली.

"काय गो म्हातारे, थेटर काढताव म्हणे? तिकीट किती?"

"तुला फुकट," आई आतून म्हणाली. "पण पुढं नाय बसायचं. पुढं पाव्हणे."

"मागं बसेन. झोप आली तर मागं बरं."

दोघी बराच वेळ हसल्या. काकी गेल्यावर आईने मला बोलावलं.

"कशाला अडवतेस गो त्याला? दिवाळीला दोस्त घेऊन येतोय. मी जाईन आत. मला काय, कुठं पडलं तरी पाठ तीच."

"तुला आत आवडेल?"

"आवडायचं काय त्यात! लेकाने हौसेनं काय आणलं तर तुझं आपलं अंतर नि कान."

ती चिडली होती ती माझ्यावर. मी दोरीवरची चादर परत झटकली, जरुरी नव्हती तरी.

शनिवारी कॉलेज दुपारपर्यंत असतं. मी घरी आले तर उंबऱ्यापासून लाल धूळ. पुढच्या खोलीत रूपेश शिडीवर उभा होता. देवरूखच्या बाजारात त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दादाने त्याला ठाण्याहून फोन केला होता. स्पीकरचं नवीन खोकं सोफ्यावर होतं. सोफा खोलीच्या मधोमध होता. खिडकीखाली खाट नव्हती.

"मॅडम, घाबरू नका," रूपेश वरून म्हणाला. "भिंतीतला जांभ्याचा चिरा भुसभुशीत निघाला. ड्रिल टाकलं नि भकदिशी आला बाहेर. सिमेंट भरतो, मग बसेल."

भिंतीला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं.

"खाट कोणी नेली?"

"मी. आजीच म्हणाल्या, ने. मथुराकाकींनी त्यांना धरून नेलं."

आत आई तांदळाच्या पिंपाकडे तोंड करून पडली होती. वर काचेतून एक चौकोन उजेड जमिनीवर येत होता, खाटेपासून लांब.

"बरंय इथं," मी काही विचारायच्या आत ती म्हणाली. "गार आहे."

मी तिच्या पायाशी बसले. बाहेर पायवाटेवरून कोणीतरी गेलं. पावलांचा आवाज पुढच्या खोलीकडून भिंतीतून येत नव्हता, तो घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून येत होता. आईने मान उचलली आणि स्वयंपाकघराकडे बघितलं.

"कोण गेलं गो? मागच्या परड्यातून का जातायत?"

"परड्यातून नाही. पुढच्या वाटेनेच गेले."

"मग इकडून कसे वाजले?" तिने पुन्हा त्याच बाजूला बघितलं. "कोण होतं?"

"मला इथून दिसलं नाही."

"हौसा असेल. नायतर दीपक." तिने मान परत उशीवर टेकली. "जाऊ दे, कोण का असेना."

मी उठून बाहेर आले.

"रूपेश, भोक बुजव. हा स्पीकर लावायचा नाही."

"मॅडम, मागचा नाय लावला तर दादा माझ्यावर ओरडतील."

"त्यांना माझं नाव सांग. बाकीचे पाच लाव. सोफा या बाजूच्या भिंतीला."

"पण मशीन मागचा आवाज सोडणारच. तो जाणार कुठं?"

मी माहितीपुस्तक आधीच वाचलं होतं. टीव्हीवर ॲम्प्लिफायरचा मेन्यू लावला. रिअर सेंटरसमोर तीन पर्याय होते. मोठा, लहान, नाही. मी 'नाही' निवडलं. मग मागच्या मधल्या स्पीकरचा आवाज मशीन बाजूच्या दोन स्पीकरांना वाटून देतं. बाकीचे पाच लावून झाल्यावर रूपेशने एका सिनेमातली मारामारी लावून बघितली. काचेची बरणी डावीकडून उजवीकडे फुटत गेली.

"झकास की," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "पण दादांना मी सांगनार नाय. तुम्हीच सांगा."

आम्ही दोघांनी खाट पुन्हा खिडकीखाली आणली. आईला मी धरून आणलं. ती वॉकर आपटत आली.

"माझं नाव पुढं करू नको," ती म्हणाली. "मी काय बोलले नव्हते. मी आपणहून गेले होते."

"हो. आपणहूनच गेली होतीस."

दादाचा फोन तासाभरात आला. बहुतेक रूपेशने सांगितलंच होतं.

"मी तुला एक गोष्ट विचारली होती संध्या. एक. कुठला स्पीकर."

"कुठलाच नाही. ठरवलं मी."

"मी मित्रांना सांगून बसलोय!"

"त्यांना बसायला जागा आहे. आईची खाट आहे तिथेच राहील."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. आईला दे."

मी फोन आईला दिला. ती त्याच्याशी हळू आवाजात बोलली, पण खोली लहान आहे. "ती तशीच आहे रे... नाय, मी कशाला सांगू... तू येशील तेव्हा जाईन मी आत, चार दिवस... हो, हो. तिला नको सांगू." फोन तिने माझ्याकडे न बघता पुढे केला.

चहा केला, तो तिने घेतला नाही. मी कप खिडकीच्या फळीवर ठेवला आणि भाजी चिरायला आत गेले. स्पीकरचं खोकं परत पाठवायचं होतं. त्याला चिकटवायला टेप सापडत नव्हती. कोणत्या खणात ठेवली होती ते आठवेना, आणि त्याचा मला फार राग आला.

तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली आणि आईने हाक मारली.

"मथुरे! ये गो हितं. बघ, आणून टाकलान मला परत."

"कोणी?"

"कोणी काय, आमच्या मास्तरणीने. माझ्या लेकाचा एवढा महागाचा स्पीकर परत पाठवतेय. भावाचं चांगलं म्हणून बघवत नाय हिला. लहानपणापासनं अशीच. सांगते तुला, टेक जरा."

मथुराकाकी ओट्यावर टेकली. आई खणखणीत आवाजात अगदी सुरुवातीपासून सांगू लागली. वाटेने जाणारं आणखी कोणीतरी थांबलं. मी आत भोपळा चिरत होते आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.