ट्रुसला घातलेला पाव

बुधवारी शाळा साडेबाराला सुटते आणि तिथून संध्याकाळपर्यंत सात वर्षांची मेरल योस्टआजोबांची. हॉलंडमधल्या या हारलेम शहरात निम्म्या आजी-आजोबांचे बुधवार असेच वाटून दिलेले असतात. मेरल सायकलवर मागे बसायची, दोन्ही हातांनी आजोबांच्या पोटाला मिठी मारायची आणि स्वारी थेट बागेतल्या प्राण्यांच्या वाडीवर निघायची. शेळ्या, ससे, दोन डुकरं आणि एक खडूस गाढव. आत जायला तिकीट नाही. नियम एकच, आणि तो फाटकावर हातभर अक्षरांत लिहिलेला: प्राण्यांना काहीही खायला घालू नये.

योस्टच्या मते हा नियम बाहेरगावच्या लोकांसाठी होता.

त्याच्या आईने दुसऱ्या महायुद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले होते. तिच्या घरात पावाचा तुकडा टाकणं म्हणजे पाप. ती जाऊन तीस वर्षं झाली, तरी योस्टच्या स्वयंपाकघराच्या दारामागे शिळ्या पावाची पिशवी लटकत होतीच. वाडी सांभाळणाऱ्या हेल्माबरोबर मेरल सशांना ब्रश करायला गेली, की हा हळूच कुंपणाशी सरकायचा. ट्रुस नावाची म्हातारी पांढरी शेळी पुढचे पाय फळीवर टेकून त्याची वाटच बघत असायची. गेल्या बुधवारी पिशवी चांगली टम्म होती, कारण जावयाच्या वाढदिवसाचे उरलेले पाव तिच्यात पडले होते. ट्रुसने सगळे फस्त केले.

"शहाणी माझी बाई," तो म्हणाला होता.

आज फाटकावर ट्रुसचा फोटो लावलेला होता. खाली हेल्माचं अक्षर: 'आपली ट्रुस शुक्रवारी गेली. कुणीतरी नको ते खायला घातलं, पोट फुगलं, डॉक्टरांनाही काही करता आलं नाही.' भोवती मुलांच्या चिठ्ठ्या. योस्टने वाचलं आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना? शेळी मेल्याचं दुःख त्यानंतर आलं. हा क्रम त्याचा त्यालाच कळला आणि कान तापले.

मेरलला शाळेतच कळलेलं होतं. तिने दप्तरातून चित्र काढलं. पांढरी शेळी, निळं गवत, आणि खाली, 'माफ कर ट्रुस. मेरल.'

"तू कशाला माफी मागतेस गं?"

तिने इकडेतिकडे बघितलं. "कुणाला सांगणार नाहीस?"

"नाही."

"मी तिला फुलं घातली होती. पिवळी. दोन. हेल्माचं लक्ष नव्हतं तेव्हा." तिची हनुवटी थरथरायला लागली. "मी मारलं तिला, आजोबा. आईलापण नाही सांगितलं मी."

"वेडी का तू? दोन फुलांनी शेळी मरते होय?"

"मग कशाने मेली?"

"म्हातारी झाली होती गं."

"खायला घातल्याने मेली. हेल्माने लिहिलंय, आणि हेल्मा खोटं नाही बोलत." तिने नाक बाहीला पुसलं. "आता मी नाही येणार इथे. सशांनापण हात नाही लावणार."

गप्प बसायला आता काहीच अडचण नव्हती. त्याचं पाप उचलायला पोरगी आपण होऊन उभी होती. चार आठवड्यांत विसरेल, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. पण तिचं ते लाल झालेलं नाक त्याच्याने बघवेना.

"फुलांनी नाही मेली ती."

"तुला काय माहीत?"

"कारण पाव मी घातला. पिशवीभर. दर बुधवारी घालायचो, त्या दिवशी जास्त घातला."

मेरलने फाटकावरच्या नियमाकडे बोट दाखवलं. "तुला पाटी वाचता येत नाही?"

"येते."

"मग?"

आईचा तो हिवाळा त्याच्या अगदी ओठावर आला. पण या पोरीपुढे मेलेल्या आईला ढाल करायची त्याला लाज वाटली.

"हेल्माला सांग," मेरल म्हणाली. "आत्ता."

हेल्मा गोठ्यात पेंढा ओढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दाताळं भिंतीला टेकवलं.

"योस्ट, गेले चार दिवस मी येईल त्या पोराला दरडावतेय. दोघं रडत घरी गेली. आता त्यांना काय सांगू?"

"माझं नाव सांग."

"सांगणारच आहे," ती म्हणाली आणि परत पेंढा ओढायला लागली.

फाटकाशी मेरलने चित्रावरचं आपलं नाव पेन्सिलीने खोडलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्याने कोपऱ्यात 'योस्ट' लिहिलं.

"मोठं लिही."

त्याने मोठं लिहिलं.

परत निघताना ती मागे बसली. सवयीने त्याने पोट आत ओढलं आणि मिठीची वाट पाहिली. मग मान वळवून बघितलं, तर तिने दोन्ही हातांनी सीटखालची दांडी धरलेली होती.

"नीट धरलंस ना?"

"हो."

मग तो सायकल फार सावकाश चालवत राहिला, पोट तसंच आत ओढून, पार तिच्या घरापर्यंत.