पेटंटच्या टेबलावर मी

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डरचं एक जुनं हेड आहे. फितीवर आवाज उमटवणं हे माझं काम. सोलापुरात पंचाक्षरीअण्णांच्या दुकानातल्या यंत्रात मी आठ वर्षं राबलो. लग्नातली मंगलाष्टकं आणि मठातली प्रवचनं मीच टिपली. लोक माझ्या आवाजाचं कौतुक करत आणि मला ते फार आवडे.

माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आहे. तारेला तार भिडून वीज भरकटू नये म्हणून कंपनीने वेटोळ्यावर लाख आणि अभ्रकाची पूड फासली होती. पण इथल्या उन्हाळ्यापुढे ती टिकली नाही. मी खरखरू लागलो.

अण्णांच्या पत्नी महादेवीअक्का पूर्वी अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावर विणकामासाठी सुताच्या कांड्या भरत. त्यांनी घरीच एक नवं हेड तयार केलं. त्यातही लाख आणि अभ्रकच, पण ते ऐन मे महिन्यातही खरखरलं नाही. मला खणात टाकून माझ्या जागी ते बसलं. कालचं पोर, आणि सगळे त्याचेच गोडवे गाऊ लागले. माझा नुसता जळफळाट झाला.

शहात्तर साली अक्कांनी पेटंटसाठी अर्ज केला. कंपनीने हरकत घेतली की लाख जुनी, अभ्रक जुनं, हे तर कोणालाही सुचलं असतं. पेटंट नाकारलं असतं, तर कंपनी अक्कांचीच युक्ती वापरून हेडं विकायला मोकळी होती. पुरावा म्हणून जुनं हेड मागवलं गेलं. म्हणजे मी. आता त्या पोराची जिरणार, म्हणून मी मुंबईपर्यंत खुशीत गेलो.

कंपनीच्या वकिलांनी मला उचलून दाखवलं. मग पेटंट कचेरीच्या साहेबांनी अक्कांना विचारलं की तुम्ही वेगळं काय केलं?

अक्का म्हणाल्या, "सुताला आदी खळ लावत्यात, मग विणत्यात. मी तारंला तसंच केलं. ह्या कंपनीवाल्यांनी तार गुंडाळून झाल्यावर वरनं लाख लावलीय. आत पोचलीच न्हाय की."

साहेबांनी मला चिरायला लावलं. वरचे थर माखलेले होते, आतली तार कोरडी. मी शरमलो.

"लाख होती, अभ्रकही होतं," साहेब वकिलांना म्हणाले. "मग इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकालाही हे का सुचलं नाही?"

अक्कांना पेटंट मिळालं.

आता मी चिरलेल्या पोटाने दुकानात एका डबीत असतो. काम शिकायला येणाऱ्या मुलींना अक्का मला दाखवतात. खोटं कशाला बोलू, हेवा अजून गेलेला नाही. पण मित्रांनो, बिघडलेली वस्तू भंगारात देण्याआधी ती कशाने बिघडली, हे एकदा उघडून बघत जा. त्या हेडचं नवेपण ठरलं ते माझ्या पोटातल्या कोरड्या तारेवरून. ते पोर मात्र हे कधी कोणाला सांगत नाही.