दोन आठवड्यांचा खोकला

पोपेल मांजरी गुरुवारी दवाखान्यातून घरी आली. गळ्यातल्या ग्रंथीसाठी तिला किरणोत्सारी आयोडीनची एक सुई टोचली होती, आणि मग नऊ दिवस शिशाच्या भिंतीआड एकटीला ठेवलं होतं. तिला घरी नेताना ओडीलने कागदावर सही केली: दोन आठवडे मांजर मांडीवर घ्यायचं नाही, अंथरुणात घ्यायचं नाही, गरोदर बाईला घरात येऊ द्यायचं नाही.

त्याची मुलगी वेर्ले सातव्या महिन्यात होती. बाळ झाल्यावर वाटायचे साखरेचे बदाम पिशव्यांत भरायला ती रविवारी येणार होती. त्यासाठी तिला आईचं मोठं टेबल हवं होतं. ओडीलने शनिवारी फोन करून सांगितलं, "येऊ नकोस, मला खोकला झालाय." आणि खरं वाटावं म्हणून दोनदा खोकलाही.

खरं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गोळ्या चालू ठेवल्या तर सुई वेर्लेच्या बाळंतपणानंतरही देता येईल. पण रोज दोन वेळा पोपेलचा जबडा उघडायचा, थुंकलेली गोळी कपाटाखाली शोधायची. त्याला कंटाळा आला होता. त्याने जवळची तारीख घेतली.

रविवारी दुपारी वेर्ले सूपचं भांडं घेऊन दारात उभी.

"सरका पपा, हात भाजतायत."

"आत येऊ नकोस."

"इतका का खोकला? मास्क आणलाय मी."

तेवढ्यात पोपेल जिन्यावरून उतरली. पुढच्या पायावरचे केस सुईसाठी भादरलेले. वेर्लेने भांडं पायरीवर ठेवलं आणि ती दोन पावलं मागे सरली. या सुईची माहिती उन्हाळ्यात तिनेच शोधून काढली होती.

"कधी आणलीत?"

"गुरुवारी."

"शुक्रवारी माझ्याकडे पाळणा घेऊन आलात. मला जवळ घेतलंत. कुठल्या स्वेटरमध्ये?"

ओडील खाली बघू लागला. अंगात तोच होता. बाहीवर केस होते.

"दवाखान्यात फोन लावा. माझ्यासमोर. मला ऐकू येऊ द्या."

कागदावरच्या नंबरवर एक बाई बोलली. "मांजर मांडीवर घेतलं," ओडील म्हणाला. "मग त्याच स्वेटरमध्ये गरोदर मुलीला भेटलो."

"किती वेळ होतं मांडीवर?"

"तासभर." वेर्ले त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे रात्रभर. अंथरुणात."

बाई रागावली नाही. एकदा जवळ घेतल्याने काळजीचं कारण नाही म्हणाली. स्वेटर धुवा, आणि यापुढे तरी कागदावरचं पाळा. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"मला विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, घ्या तारीख," वेर्ले म्हणाली. "बदाम कुठेही भरता येतात. सासूबाईंकडे भरीन."

"तुझी आई असती तर..."

"आईला मधे आणू नका. खोकलात तुम्ही."

वेर्लेची गाडी वळणाआड गेली तरी तो दारातच होता. मग त्याने भांडं आत नेलं. सूप त्याने उभ्यानेच प्यायलं. बसला असता तर पोपेल मांडीवर आली असती.