आश्लेषाचं वर्ष

कारिनने डेझींचा मुकुट आश्लेषाच्या आईच्या डोक्यावर ठेवायला हात वर केले, तेवढ्यात आश्लेषाने तिचं मनगट धरलं.

“नको, कारिन. आईला नको.”

मनगट जरा जोरातच धरलं गेलं होतं. तिने ते सोडलं आणि हसायचा प्रयत्न केला. पहाटे साडेचारला उठून, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आठ तास काढून ती नुकतीच परतली होती. डोळ्यांत अजून वाळू असल्यासारखं वाटत होतं.

एडिनबरातल्या त्या चार मजली इमारतीच्या मागे सगळ्यांच्या मालकीची एक हिरवळ होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे लोखंडी खांब. त्यांतल्या एकाला तळमजल्यावरच्या कारिनने बर्चच्या डहाळ्या आणि रानफुलं गुंडाळली होती. ती मूळची स्वीडनची. दर जूनमध्ये तिचा हा मिडसमर, तिकडचा उन्हाळ्याचा सण, असायचा. टेबलावर शेपू घातलेले उकडलेले बटाटे होते, मुरवलेले मासे होते, स्ट्रॉबेरीचा केक होता. शेजारपाजारचे दहा-बारा जण जमले होते आणि कुणीतरी अकॉर्डियनवर एकच ओळ पुन्हापुन्हा चुकत होतं.

आई नागपूरहून तीन आठवड्यांसाठी आली होती. तिला आश्लेषाने सांगितलं होतं, नुसती पिकनिक आहे. कारिनला सांगितलं होतं, आम्ही फक्त येऊन बसू. बाबांना जाऊन वर्ष होत नाही, तोवर आम्ही सण करत नाही.

“घालू दे गं,” आई म्हणाली. “एवढी मेहनत घेतलीय बिचारीने.”

“आई, हा सण आहे. खराखुरा. मी तुला पिकनिक म्हटलं, कारण...”

“मला काय कळत नाही? पिकनिकला कोणी खांब सजवतं का?”

आईने मान खाली केली. कारिनने एकदा आश्लेषाकडे पाहिलं, मग मुकुट अलगद ठेवला आणि टेबलाकडे निघून गेली.

आश्लेषाची सहा वर्षांची मायरा धावत आली.

“आजी, तू किती छान दिसतो! चल, आता आपण बेडूक व्हायचा. खांबाच्या राउंड उड्या मारायचा.”

“सणाला बेडूक?”

“सगळे होतात. रूल आहे.”

“तुझ्या आजीच्या गुडघ्यांना विचार आधी. जा, तू हो, मी बघते.”

मायरा पळाली. दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या.

“वर्ष व्हायचंय अजून,” आश्लेषा हळूच म्हणाली.

आईने वळून पाहिलं. “अगं, वर्षश्राद्ध झालं की. जानेवारीतच. फेब्रुवारीत सुश्रुतचं लग्न होतं ना? घरात कार्य म्हटल्यावर गुरुजी म्हणाले, आधीच करून घ्या, म्हणजे सण-समारंभ मोकळे. काकांनीच केलं सगळं. पाडव्याला मी गुढीसुद्धा उभारली. तुला सांगितलं नाही का त्यांनी?”

“नाही.”

“मला वाटलं, ते बोलले असतील. आणि त्यांना वाटलं असेल, मी.”

चुलतभावाच्या लग्नाचं आश्लेषाला माहीत होतं. आई तिथे मागच्या खुर्चीत गुपचूप बसली असेल, असं ती धरून चालली होती. तिचं पुढचं सगळं पाळणं त्याच समजुतीवर उभं होतं.

आईचा हात तिच्या हातावर आला. “तू पाळत होतीस?”

आश्लेषाने मान डोलावली. ऑक्टोबरमध्ये तिला तिकीट मिळेपर्यंत तिकडे अग्नीही दिला गेला होता. तिने तो इथल्या स्वयंपाकघरात, फोनच्या पडद्यावर पाहिला. मध्येच चित्र गोठलं होतं. त्यानंतर करण्यासारखं हे एवढंच उरलं होतं. दिवाळीत खिडकीत आकाशकंदील लागला नाही. संक्रांतीला तीळ आणले नाहीत. काय चालतं आणि काय नाही, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं. शंका आली की ती गोष्टच टाळायची. 

“मायराच्या वाढदिवसाला मेणबत्त्याही लावल्या नाहीत,” ती म्हणाली.

“वाढदिवस चालतो गं,” आई म्हणाली.

“आता कळलं.”

आईने डोक्यावरचा मुकुट काढायला हात नेला.

“राहू दे,” आश्लेषा म्हणाली. “तुझं झालंय.”

तिच्या मनात नव्हतं, तरी ते तिखट निघालं. आईने हात खाली घेतला. समोर माणसं हात धरून गोल फिरू लागली होती. एक उंच, टकले गृहस्थ गुडघे वाकवून मायराच्या मागे उड्या मारत होते, आणि कुणीच हसत नव्हतं. ते सगळे अगदी मन लावून बेडूक झाले होते.

“आई, त्या दिवशीचं सांग मला.”

“सांगितलं की तेव्हाच.”

“शेवटचं सांगितलंस. सकाळपासून सांग.”

आईने त्या गोलाकडे पाहिलं.

“सकाळी पोहे नको म्हणाले,” ती म्हणाली. “कांदा चिरून झाल्यावर. उपमा कर म्हणे. मी चिडले, पण केला. मीठ जास्त पडलं होतं. एक अक्षर बोलले नाहीत.”

आश्लेषा तिच्याकडे सरकून बसली.

“मग?”