कळशीचा नंबर

"अगो लालबागवाले, तान काय नंबरान लागता?"

आवाज जाईबाईचा. म्हातारीचा गळा आधी खरखरायचा, मग मोकळा व्हायचा. पहाटे पाणी येण्याआधी नळ खाकरतो ना, अगदी तसा. त्याला आता दोन वर्षं उलटून गेली होती, मालवणाकडची ती वाडी बोटीच्या प्रवासापलीकडे राहिली होती. तरी लालबागच्या चाळीत सकाळी नळाखाली हंडा लावला की बकुळाला तो हटकून ऐकू यायचा. आणि आता तर त्या वाडीतली मालनच तिच्या खोलीत येऊन राहिली होती. पोटुशी, सातवा लागलेला.

मालन ही बकुळाच्या नवऱ्याच्या, जयवंतच्या चुलतभावाची, कुशाबाची बायको. बकुळाची धाकटी जाऊ. तिचं पहिलं पोर सातव्यातच गेलं होतं. म्हणून या खेपेला कुशाबानं तिला मुंबईच्या बोटीत बसवलं. परळच्या इस्पितळात दाखवायचं आणि सुटका होईस्तोवर बकुळाकडे राहायचं. "वयनी आसा म्हणान माका घोर नाय," असं त्यानं पत्रात लिहवून घेतलं होतं. जयवंतनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा बकुळा तांदूळ निवडत होती. वाचून झालं तेव्हा तिनं पाहिलं, तर तांदूळ खाली टाकले होते आणि खडे सुपात राखले होते.

कारण ओढ्यावर पाय घसरून मालनचं पोटातलं पोर गेलं, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ती ओढ्यावर का गेली, ते एकट्या बकुळाला ठाऊक होतं.

बकुळा लालबागची लेक. जन्मली चाळीत, वाढली चाळीत, लग्न होऊन गेली ती तीन जिने पलीकडे. नवऱ्याचं गाव तिनं पाहिलं होतं ते लग्नानंतर देवाला नारळ ठेवण्यापुरतं. छप्पन साली मुंबईसाठी रान पेटलं, लालबाग-परळात गोळ्या सुटल्या, संचारबंदी लागली, तेव्हा जयवंतनं मिळेल त्या बोटीचं तिकीट काढलं. "पाऊस लागेपर्यंत सासरी राहा," तो म्हणाला. "इथं गोळी नाव विचारून येत नाय."

वाडीनं तिला माहेरवाशिणीसारखं झेललं. तिची गोल साडी बघायला बायका आल्या, तिचं बोलणं ऐकायला पोरी आल्या. गिरणीच्या भोंग्याशिवाय तिला भात कधी टाकावा ते कळेना, तर हसून हसून पुरेवाट झाली. "मुंबयकारणीच्या पोटात भोंगो वाजता!" बकुळाही हसली. पण आठ दिवसांत तिच्या तोंडी एक शब्द बसला, "आमच्या लालबागला." आमच्या लालबागला असं नसतं. आमच्या लालबागला कोणी न विचारता दुसऱ्याच्या चुलीतला निखारा नेत नाही. तिला वाटायचं, आपण यांना चार गोष्टी शिकवतो आहोत. वाडीला काय वाटायचं, ते तिनं कधी विचारलं नाही.

फाल्गुन सरला आणि विहीर आटत आली. तळाशी एक झरा, तो पाझरायचा, टोपभर पाणी साठायचं, तेवढं काढायचं आणि पुन्हा वाट बघायची. कठड्यापाशी कळश्या मांडून बायका कामाला जायच्या. कोणाची कळशी कुठं, याला वाडीत नियम नव्हता. ओवी होती.

विहिरीच्या काठी गं, कळशीला कळशी लागे
माझी जाई पुढं बाई, तुझी कशी राहे मागे

ज्या घरी बाळंतीण, तिची कळशी पुढं. ज्या घरी ताप, तिची पुढं. जिला वरच्या टेकाडावर चढून जायचं, तिची पुढं. कोणी मागायचं नाही, कोणी सांगायचं नाही; येणारी बाई वाकायची आणि दुसरीची कळशी हातभर पुढं सरकवायची, बस. अशा सरकवासरकवीत बकुळाची कळशी रोज शेवटी यायची. तिच्या घरी ना ताप, ना बाळंतीण, ना चढण. पहाटे मांडलेली कळशी दुपारी भरायची.

एकदा ती चिडून बोलली, तेव्हा मालननंच हसत तिच्या पाठीवर थाप मारली होती. "ऱ्हवांदे गो वयनी! तुका कसली घाई? तुझ्या घरात कोण रडता?"

मालनला तेव्हा सहावा होता. ती बोलली ती हसून, आणि दुसऱ्या क्षणाला विसरूनही गेली. बकुळाच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. तीही हसली. घरी येऊन तिनं कळशी इतक्या जोरात टेकवली की बुडाला पोचा आला.

दुसऱ्या दिवशी तिनं वाडीत नंबर आणला. कोळशानं कठड्यावर रेघा ओढल्या. जी आधी येईल तिची कळशी पहिल्या रेघेवर. मग दुसरी, तिसरी. आमच्या लालबागला असंच असतं, आणि तिथं पाचशे माणसं एका नळावर पाणी भरतात. तरण्या सुनांना ते आवडलं, त्यांच्या कळश्याही नेहमी मागंच राहायच्या. म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. जाईबाई तेवढी कमरेवर हात ठेवून बोलली, तहान काय नंबरानं लागते? बकुळानं उत्तर दिलं, "तहान नाही, पण पाणी नंबरानंच मिळतं, जाईबाय!" सुना खुदकन हसल्या. त्या हसण्याची बकुळाला केवढी गोडी वाटली होती!

मग चैत्रातली ती सकाळ. मालनला सातवा लागलेला. तिनं उशिरा आणून ठेवलेली कळशी कोणीतरी जुन्या सवयीनं उचलून पहिल्या रेघेवर नेली होती. बकुळा आली तेव्हा विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. तिनं मालनची कळशी उचलली आणि शेवटच्या रेघेमागं, पार करवंदीच्या जाळीशी नेऊन ठेवली. आणि घरी भाकऱ्या थापायला गेली.

मालन आली तेव्हा जाईबाई एकटी पाणी शेंदत होती. आदल्याच आठवड्यात कुंपणावरून जाईबाईच्या मुलाचं नि कुशाबाचं वाजलं होतं. मालननं जाळीशी पडलेली आपली कळशी पाहिली, पाठमोरी जाईबाई पाहिली, आणि काय समजायचं ते समजली. विचारलंसुद्धा नाही. कळशी कमरेला मारून ओढ्याच्या घसरणीला लागली. जाईबाईनं हाक मारली, "अगो, खंय चललंस ती?" मालनला ते टोचून बोलणं वाटलं. ओढ्यात शेवाळ होतं.

वाडी जमली, तेव्हा मालनच्या सासूनं सगळ्यांसमक्ष विचारलं, पोटुशीची कळशी मागं सारणारी कोण? जाईबाई म्हणाली, "देवाशपथ, मी नाय." कोणाचा विश्वास बसला नाही. बकुळा खांबाला टेकून उभी होती. जाईबाईनं एकवार तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मान खाली घातली. वाडीत कळशी मागं सारणारा हात एकच होता, हे म्हातारीला कळलं असणार. तिनं नाव घेतलं नाही. त्या दिवसापासून कुशाबाच्या घरानं जाईबाईच्या घराशी जाणंयेणं तोडलं, हळूहळू वाडीनंही तिचं अंगण सोडलं. बकुळा पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं मुंबईला निघून आली.

आता तीच मालन तिच्या खोलीत, तिच्या गोधडीवर पाय पसरून बसायची आणि तिचे केस विंचरून द्यायची. "तू होतंस म्हणान त्या वेळी जगलंय मी," म्हणायची. खरंच होतं. त्या आजारात बकुळानं पंधरा दिवस तिच्या उशाशी काढले होते, तिचं धुणं धुतलं होतं. वाडी म्हणाली होती, मुंबईची असून किती मायेची! ती वाहवा बकुळाला अजून घशातल्या काट्यासारखी सलायची.

एका सकाळी मालन हट्टानं नळावर आली. खाली अंगणात हंड्यांची रांग लागली होती, मालननं मुकाट्यानं आपली कळशी शेवटी ठेवली. रांगेत दुसरी होती कमळाबाई. अख्ख्या चाळीत भांडकुदळ, नंबरासाठी झिंज्या उपटणारी. ती मागं वळली, मालनच्या पोटाकडे पाहिलं आणि ओरडली, "ए बकुळा! लाज नाय वाटत, सातव्या महिन्याच्या बाईला शेवटी उभी करतेस? आण गं पोरी ती कळशी इकडं. आणि कोणी तोंड उघडलं तर बघा!"

हंडे आपोआप मागं सरले. कळशी हातोहात नळाखाली गेली.

बकुळा बघत राहिली. हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं की! बाळंतिणीचा हंडा, तापाच्या घरचा हंडा, जेवणाचे डबे करून देणाऱ्या विधवेचा हंडा, नळाखाली असेच पुढं जायचे. शिव्या देत जायचे, पण जायचे. वाडीला जाताना तिनं चाळीतला नंबर तेवढा बरोबर नेला. हे का नेलं नाही?

"तुमच्या चाळीत माणसां बरी आसत गो," जिना चढताना मालन म्हणाली. "आमच्या वाडीपरास बरी."

बकुळाला पायरी दिसेना. तिनं कठडा धरला.

रात्रपाळीहून आलेला जयवंत न्याहारी करताना म्हणाला, "मुकादमाशी बोललो मी. कुशाबाला गिरणीत बदली कामगार म्हणून घेईल. मालन तर म्हणते, गावचं घर मोडूनच टाकू."

"मोडून टाकू?"

"वाडीत ऱ्हवाचाच नाय म्हणते. त्या जाईबाईचं तोंड बघायचं नाही तिला." त्यानं बशीत चहा ओतला. "काय करणार? पोर गेलं बाईचं. तिथं कुठल्या तोंडानं राहील?"

बकुळाला वाटलं, आत्ता सांगावं. नवऱ्याला सांगणं सोपं. तो चार शिव्या देईल, मग म्हणेल, झालं गेलं. पण झालं गेलं म्हणण्याचा हक्क त्याचा नव्हता. आणि मालनला सांगावं, तर हिच्या पोटात सात महिन्यांचा जीव. ऐकून काही झालं म्हणजे? सुटका होऊ दे, मग सांगू. हे कारण चांगलं होतं. बकुळा ते दिवसातून दहा वेळा स्वतःला ऐकवायची. गेली दोन वर्षंही तिच्यापाशी अशीच चांगली चांगली कारणं होती.

रविवारी दुपारी बोटीनं आलेला वाडीतला रामदास गावची गाठोडी पोचवत चाळीत आला. कुळथाचं पीठ, सोलं, कुशाबानं दिलेले सुके बांगडे. सगळ्यांत खाली जुन्या लुगड्यांची शिवलेली एक दुपटी, बाळाची इवलीशी गोधडी, निघाली. हातभर. टाके बारीक, पण वाकडे. दिसत नसलेल्या डोळ्यांनी घातलेले.

"ही जाईबायन दिल्यान," रामदास चहा फुंकत म्हणाला. "म्हणाली, नाव सांगू नको. पण माका खोटा बोलाक जमणा नाय. चार महिने शिवत होती म्हातारी. आता वाडीत कोण तिच्या अंगणात जाणा नाय, वेळच वेळ तिका."

तो गेला. मालननं दुपटीला हातसुद्धा लावला नाही. तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला.

"वयनी, ही खाली कचऱ्यात टाकून दी."

"मालन..."

"ज्या हातांनी माझी कळशी मागे सारल्यान, त्या हातांची दुपटी माझ्या पोराक? मरांदे ती म्हातारी. तिच्या मढ्याकसुद्धा मी जावचंय नाय!" तिचा आवाज चिरकला. मग एकदम मऊ झाला. "वयनी, तुका म्हायत आसा? तिका विचारूकच होया होता मी, का गो सारलंस? एवढाच. का म्हणान सांगितल्यान असता, तर..." तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

खाली अंगणात कोणी लाकडी फळीवर मोर्च्याची अक्षरं रंगवत होतं, हसण्याचे आवाज येत होते. बकुळानं दुपटी उचलली. दारापर्यंत गेली. टाकून आलं की संपलं. सुटका होईल, कुशाबा येईल, गावचं घर मोडेल, आणि वाडीतली एक म्हातारी रिकाम्या अंगणात बसून मरेल. कोणाला कळणार नाही.

ती मागं फिरली. दार लोटून घेतलं. मालनच्या समोर फरशीवर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि दुपटी दोघींच्या मधे ठेवली.

"मालन, मी सांगते का ते. मधे बोलू नकोस, नाहीतर मला पुन्हा बोलवणार नाही. जाईबाईनं तुझ्या कळशीला हात लावला नाही. ती आली त्याआधीच कळशी जाळीपाशी गेली होती. मी नेली. सगळे विचारत होते तेव्हा मी तिथंच उभी होते, आणि म्हातारीला शपथ घ्यायला लागली तरी गप्प बसले."

मालनचे ओठ हलले. "नंबरासाठी?"

बकुळाच्या तोंडाशी 'होय' आलं होतं. नंबरासाठी म्हटलं असतं तर तेवढी तरी लाज वाचली असती. तिनं मान हलवली.

"नाही. नंबर सगळ्यांना सांगायला होता. तू हसत म्हणाली होतीस, तुझ्या घरात कोण रडता म्हणून. तुला आठवतही नसेल. मला तुझ्या पोटाचा हेवा वाटला, मालन. म्हणून सारली."