आठपैकी आठ

मायालेन विनेमुका गावी दिराकडे राहायला आली, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. पण तेवढ्यात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. या गावात सकाळचा नाश्ता म्हणजे अंडी, तळलेला बटाट्याचा कीस आणि ऑर्विल टॅकेटचं भाषण.

तिचा दीर गानिश जन्मभर मेंढ्यांमागे डोंगरात फिरलेला, मोजकं बोलणारा, समुद्रापलीकडून आलेल्या बास्क मेंढपाळांपैकी एक. ऑर्विल त्याचा जुना दोस्त, रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता. दोघेही निवृत्त, दोघांच्याही घरी बायको नाही, त्यामुळे रोज सकाळी अँटलोप कॅसिनोच्या कॉफीच्या दालनात भिंतीकडेचं कोपऱ्यातलं टेबल त्यांचंच. नवरा गेल्यावर मायालेन बॉइसीहून आली आणि त्यांच्या बाकाशेजारची खुर्ची तिची झाली.

खुर्चीसमोरच्या भिंतीवर काळ्या काचेचा मोठा फलक होता. त्यावर एक ते ऐंशी आकडे. दर थोड्या वेळाने तो फलक अंधारायचा, मग एकेक आकडा उजळत जायचा आणि लोक तोंडातला घास तसाच ठेवून वर बघायचे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, हे काय आहे. ऑर्विल याच प्रश्नाची वाट बघत असावा.

"बाई, हा केनो. नीट लक्ष द्या, मी एकदाच सांगतो," असं म्हणून त्यानं ते तीनदा सांगितलं. "हा कागद घ्या. यावर ऐंशी आकडे आहेत. त्यातले तुम्हाला आवडतील ते या काळ्या खडूनं खुणवा. एक घ्या, पाच घ्या, आठ घ्या, पंधराच्या वर जायचं नाही. मग ही डोरीन येते."

डोरीन म्हणजे टेबलाटेबलांवरून केनोचे कागद आणि पैसे गोळा करून पलीकडच्या दालनातल्या खिडकीवर नेणारी बाई. पन्नाशीची, पायात मऊ तळव्यांचे बूट, दिवसभर चालून गुडघे दुखणारी.

"ती कागद तिकडं देते. तिथला माणूस शाईत ब्रश बुडवून त्याची नक्कल करतो, डावाचा नंबर छापतो आणि ती नक्कल आपल्याला मिळते. तेच आपलं तिकीट. मग काचेच्या पेटीत ऐंशी चेंडू वाऱ्यावर उडायला लागतात, कढईतल्या लाह्यांसारखे. त्यातले वीस नळीतून वर चढतात. ते वीस या फलकावर उजळतात. तुमचे जेवढे जुळले तेवढं तुमचं नशीब."

"आणि एकच आकडा घेतला तर?"

"तर तुम्ही घाबरट आहात. मी आठ घेतो. आठातले पाच आले तर कॉफीचा खर्च निघतो. आठही आले तर पंचवीस हजार डॉलर." तो जरा पुढे वाकला. "पण एक लक्षात ठेवा. जिंकलात तर पुढचा डाव सुरू व्हायच्या आत खिडकीवर जायचं. पुढचा डाव सुरू झाला की ते तिकीट नाक पुसायच्या लायकीचं."

त्यानंतर त्यानं आपली खास विद्या सांगितली. फार वेळ न आलेले आकडे भुकेले असतात म्हणे, आणि भुकेला आकडा कधी ना कधी ताटावर येतोच. "सतरा बघा. सकाळपासून आलेला नाही. आता येणार."

मायालेननं फलकाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "पण चेंडूला कसं कळतं, आपण सकाळपासून आलो नाही म्हणून?"

गानिश कॉफीच्या कपातच हसला, त्याला ठसका लागला. ऑर्विलनं त्याच्या पाठीत हवं त्यापेक्षा जरा जोरात थोपटलं. सतरा त्या डावातही आला नाही.

ऑर्विलच्या भाषणाचा शेवट रोज एकच असायचा. ज्या दिवशी आठपैकी आठ येतील त्या दिवशी अर्धे पैसे त्याचे आणि उरलेले दोस्तांचे. गानिशला नवी गाडी. डोरीनच्या गुडघ्यांचं ऑपरेशन. आता यात मायालेनचीही भर पडली होती, तिला समुद्राकाठची सहल. तो हे इतक्या मनापासून सांगायचा की शेजारच्या टेबलावरचेही मान डोलवायचे.

"ऑर्विल, माझे गुडघे ऐकून ऐकूनच बरे होत आलेत," डोरीन जाता जाता म्हणायची.

ऑर्विलचा वाढदिवस आला. मायालेननं आदल्या दिवशी बदामाचा केक भाजला होता, तो डोरीननं आत स्वयंपाकघरात झाकून ठेवला. ऑर्विलनं पहिली कॉफी संपवली, बेकनचा एक तुकडा कागदात गुंडाळला आणि तो रोजच्यासारखा बाहेर गेला. त्याचा म्हातारा कुत्रा मेजर गाडीत बसलेला असायचा, त्याचा तो नाश्ता. ऑर्विल उठला तेव्हा फलकावर डाव नुकताच संपत होता. शेवटचा आकडा उजळला आणि वीसच्या वीस आकडे तसेच पेटून राहिले. पुढचा डाव सुरू होईपर्यंत ते तसेच राहतात, हे मायालेन इतके दिवस बघत आली होती.

तिनं एक कोरा कागद ओढला, खडू घेतला आणि फलकाकडे बघत बघत आठ आकड्यांवर शांतपणे खुणा केल्या.

"वहिनी, हे तर येऊन गेलेले आकडे," गानिश म्हणाला.

"हो का?" मायालेन म्हणाली आणि तिनं डोरीनला हाक मारली.

डोरीननं कागद बघितला, फलक बघितला, ऑर्विलची रिकामी जागा बघितली. तिच्या ओठांचा कोपरा हलला. "लगेच आणते," ती म्हणाली. दुखऱ्या गुडघ्यांची बाई इतक्या झपाट्यानं चालू शकते, हे गानिशला त्या दिवशी कळलं.

"खरं वाटून त्याला काही झालं म्हणजे?" गानिशनं विचारलं.

"काही होत नाही. आणि झालंच तर केक आपण खाऊ."

ऑर्विल हात झटकत परत आला. डोरीन तिकीट देऊन नुकतीच वळली होती. शाई अजून पुरती वाळलीही नव्हती. गानिश उठून उभा राहिला, ऑर्विलला त्याच्या रोजच्या जागी, भिंतीकडच्या बाकावर आत सरकू दिलं आणि मग बाहेरच्या बाजूला स्वतः बसला.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," मायालेन म्हणाली. "तुमच्यासाठी आम्ही एक तिकीट लावलं. आकडे मीच निवडले, मला काही तुमची विद्या येत नाही. बघा तरी काही आलंय का."

ऑर्विलनं चष्मा लावला. नवशिक्याकडे बघून हसावं तसं हसत त्यानं पहिला आकडा फलकावर शोधला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी हसू गेलं. पाचव्यापाशी त्याचे कान लाल झाले. आठव्यानंतर त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी ओठ हलवत. कोपऱ्यात छापलेल्या डावाच्या नंबराकडे त्यानं बघितलंच नाही. ज्यानं तो नंबर जन्मभर वाचला त्याला तो त्या क्षणी दिसलाच नाही.

आता हा ओरडणार, टेबलावर चढणार, मेजरला आत आणणार, असं मायालेनला वाटलं होतं. मग तिनं हळूच सांगायचं, अहो हे पुढच्या डावाचं, आणि केक पुढे करायचा, असा तिचा बेत होता.

ऑर्विलनं तिकिटाची घडी केली. टेबलावरची टोपी उचलली, घडी टोपीच्या आत सरकवली आणि टोपी डोक्यावर घातली.

"काय आलं?" मायालेननं विचारलं.

"तीन," ऑर्विल म्हणाला.

"आठातले तीनच?"

"तीनच. पण आठवणीनं लावलंत, त्यातच आलं सगळं."

गानिशनं वहिनीकडे बघितलं. मायालेननं पन्नास मेंढपाळांची खानावळ बावीस वर्षं चालवली होती. दुसरा तुकडा खाऊन "मला मिळालाच नाही" म्हणणारे चेहरे तिनं हजारांनी बघितले होते. हा तोच चेहरा होता, फक्त त्यावर टोपी होती. गंमत तिच्या हातातून निसटली होती आणि कितीतरी मोठी होऊन समोर बसली होती. आता सत्य सांगून टाकायला ती काही वेडी नव्हती.

"जरा मेजरला बघून येतो," ऑर्विल म्हणाला. "गानिश, सरक."

"आत्ताच तर आलास."

"त्याला पाणी द्यायचं राहिलं."

"एवढा घास खातो," गानिश म्हणाला आणि पावावर लोणी लावायला लागला. त्या माणसानं आयुष्यात कधी पावाच्या चारही कोपऱ्यांना लोणी लावलं नव्हतं. आज तो एकेक कोपरा भिंतीला गिलावा करावा तसा सारवत होता.

डोरीन केक घेऊन आली. मध्ये एक मेणबत्ती. "थांबा, फुंकायची नाही अजून," ती म्हणाली, "आधी मनात काहीतरी मागायचं. सावकाश मागा, ऑर्विल. घाई काय आहे?"

वरच्या भोंग्यातून एका बाईचा आवाज आला. डाव बंद व्हायला आला आहे, शेवटची तिकिटं आणावीत. ऑर्विलच्या टोपीखालून घामाचा ओघळ निघाला आणि भुवईवर थांबला.

"बरं ऑर्विल," गानिश म्हणाला, "समजा, नुसतं समजा, आज आठही आले असते. माझी गाडी कुठल्या रंगाची?"

"गाड्या आता फार महाग झाल्यात रे. आणि तू जातोस कुठं?"

"आणि माझे गुडघे?" डोरीननं विचारलं.

"हल्ली मलमं चांगली मिळतात."

"मला तर समुद्र दाखवणार होतात," मायालेन म्हणाली.

"समुद्र काय, नुसतं पाणी असतं." त्याची नजर पलीकडच्या खिडकीवर खिळली होती. "गानिश, मला जाऊ दे. पोटात कळ आलीय."

"केक खा म्हणजे बरं वाटेल."

भोंगा पुन्हा वाजला. शेवटची सूचना. तेव्हा ऑर्विल टॅकेट, सव्वासहा फुटी माणूस, सत्तरी पार केलेला, बाकावरून खाली घसरला आणि टेबलाखाली दिसेनासा झाला. मायालेनच्या पायाला त्याचं कोपर लागलं. कपबशा वाजल्या. तो दुसऱ्या बाजूनं चार पायांवर बाहेर आला, टोपी घट्ट धरून उभा राहिला आणि पळत सुटला. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उडी मारून चढायचा तेव्हाही तो असा पळाला नसेल.

तिघंही त्याच्यामागून दारापर्यंत गेली. ऑर्विलनं टोपीतून तिकीट काढून खिडकीवरच्या माणसापुढे ठेवलं. तो नुसता तिथल्या फलकाकडे बोट दाखवत होता. त्या माणसानं तिकीट उलटसुलट केलं.

"टॅकेटसाहेब, हे आत्ताच्या डावाचं आहे. आता सुरू होतोय."

आणि फलक विझला.

ऑर्विलनं वळून बघितलं. दारात तीन चेहरे. टोपी हातात, केस विस्कटलेले, गुडघ्यांवर फरशीची धूळ. तेव्हा मात्र, हे जरा जास्तच झालं, असं मायालेनच्या मनात आलं आणि ती पुढे होणार एवढ्यात पेटीत चेंडू उडायला लागले.

पहिलाच आकडा तिकिटावरचा निघाला. मग दोन भलतेच, मग पुन्हा एक तिकिटावरचा. डोरीननं मायालेनचा दंड धरला. तिसराही आला, तेव्हा गानिश, ज्यानं केनोवर कधी एक नाणं लावलं नव्हतं, तो ऑर्विलच्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि चेंडूंना आपल्या बास्क भाषेत काहीतरी सांगत होता. त्यानंतर नळीतून चेंडू येत राहिले, वीस झाले, आणि तिकिटावरचा चौथा काही आला नाही.

ऑर्विलनं चष्मा काढून पुसला.

"तीन," तो म्हणाला. "मी मघाशीच म्हटलं होतं."

टेबलावर परत आल्यावर केकचा पहिला तुकडा त्यानं निमूटपणे खाल्ला. दुसऱ्या तुकड्याला मायालेननं विचारलं, "खरं सांगा. काय काय चाललं होतं टोपीखाली?"

"खरं सांगू? आधी वाटलं, ठरल्याप्रमाणे सगळ्यांना द्यायचं. घडी घालेपर्यंत निम्म्याचं चतकोर झालं. गानिश लोणी लावत बसला तेव्हा त्याची गाडी गेली. मेणबत्ती पेटवली तेव्हा तुमचा समुद्र गेला."

"शेवटी आम्हाला काय उरलं होतं?"

ऑर्विलनं विचार केला. "एक जेवण."

"कुठं?"

"इथंच," तो म्हणाला. "दुपारचं. दुपारी स्वस्त असतं." आणि हे आपण काय बोललो ते कानावर पडल्यावर त्यालाच हसू फुटलं. मायालेन डोळे पुसेपर्यंत हसली. डोरीनला खुर्ची ओढून बसावं लागलं.

पुढच्या आठवड्यात मायालेन पोस्टात तिकिटं घ्यायला रांगेत उभी होती. पुढे ऑर्विल चार माणसांच्या घोळक्यात उभा.

"मग गानिश काय करतो," तो सांगत होता, "तिकीट टोपीत घालतो, आणि मी जागचा हलत नाही म्हणून टेबलाखालून निघतो. एवढा मेंढपाळ, मेंढीसारखा चार पायांवर." माणसं हसली. तेवढ्यात त्याला मायालेन दिसली. तो अजिबात अडखळला नाही. "विचारा हवं तर. या बाई तिथंच होत्या."

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. मायालेननं ऑर्विलकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, नुसती उत्सुकता होती, ही बाई आता काय करते म्हणून.

"होते ना," मायालेन म्हणाली. "त्याचं कोपर माझ्या पायाला लागलं."

रविवारी बास्क हॉटेलातल्या लांब टेबलावर सगळं गाव जेवायला बसलं होतं. शेंगांच्या सूपचं भांडं हातोहात सरकत आलं. समोरच्या अनोळखी माणसानं ते गानिशकडे दिलं आणि विचारलं, "तूच ना तो, केनोचं तिकीट टोपीत घालून टेबलाखालून गेलेला?"

गानिशनं पळी थांबवली. "कुणी सांगितलं?"

"टॅकेटनं. मला खरं वाटलं नव्हतं, पण तुझ्या वहिनीनंच साक्ष दिली म्हणे."

मायालेन मान खाली घालून पावाचे तुकडे करत होती, जरुरीपेक्षा बारीक. गानिशनं स्वतःच्या वाडग्यात सूप वाढलं, तिच्याही वाढलं, भांडं पुढे सरकवलं आणि चमचा उचलला.

"वहिनी," मग तो म्हणाला, "तुझा वाढदिवस कधी असतो गं?"